कानाला बसलेली बाई

आमच्या गावात मोहफुलं वेचायला बायका एकेकट्या जात नाहीत. पाच-सहा जणींचा जथा असतो, आणि त्यातली एक जण वेचत नाही. ती मोहाच्या बुंध्याला पाठ लावून बसते आणि ऐकते. एवढंच तिचं काम. वेचणाऱ्या बाईला आपल्या बोटांपलीकडचं काही दिसत नाही, आणि वाकलेली बाई वाघाला बाई वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटतं म्हणतात. म्हणून एकीने मान ताठ ठेवायची. याला आम्ही 'कानाला बसणं' म्हणतो. परत निघताना प्रत्येक जण तिच्या टोपल्यात दोन-दोन ओंजळी फुलं टाकते. बसून राहूनही तिचं टोपलं कधी कधी आमच्यापेक्षा जड व्हायचं, आणि त्यावरून आम्ही तिला चिडवायचो.

आमच्या जथ्यात माझी सासू कानाला बसायची. तिचं माहेर आलापल्लीकडचं. बाप सागाच्या कूपात, म्हणजे जंगल खातं झाडं तोडतं त्या जागी, मजुरीला जायचा आणि ही परकर सावरत त्याच्या मागे. जंगलातले आवाज ती तिथेच शिकली. "चितळाचं काय, ते पान पडलं तरी बोंबलते," ती म्हणायची. "वानर लबाड नाई बोलत. ते वरतून पाहून सांगते." एका वर्षी आमची टोपली अर्धीही भरली नव्हती आणि तिने नुसता हात वर केला. आम्ही कुरकुरत उठलो आणि मागे फिरलो. दुपारी जंगल खात्याच्या गार्डसाहेबांनी येऊन सांगितलं की आमच्या पावलांच्या ठशांवर वाघाच्या पावलांचे ठसे पडले होते. त्या दिवसापासून तिचा हात वर झाला की कोणी का म्हणून विचारलं नाही.

माझं आणि तिचं गोड होतं असं मी म्हणणार नाही. माझी जीभ तिखट आणि तिची त्याहून. भाजीत मीठ जास्त झालं तर ती शेजारणीला ऐकू जाईल असं बोलायची, आणि मी भांडी आपटायची. पण जंगलात तिच्या दहा पावलांच्या आत राहिलं की मला भीती म्हणून वाटायची नाही.

मग पंखा आला.

कोळशाची खाण आमच्याकडे पहिल्यापासून आहे. माझा नवरा तिथेच खाली उतरतो. पण खाणीचं तोंड गावापासून लांब होतं आणि आमचा तिच्याशी संबंध नवऱ्याच्या काळ्या नखांपुरता. खालचं काम पुढे सरकत सरकत आमच्या शेतांखाली आलं, तेव्हा गावाच्या कडेला हवेसाठी एक नवी विहीर खणली आणि तिच्यावर घराएवढा पंखा बसवला. नवऱ्याने मला जेवताना ताटात बोट फिरवून समजावून सांगितलं. पंखा खालची गरम, वास मारणारी हवा ओढून बाहेर टाकतो, म्हणून दुसऱ्या तोंडाने ताजी हवा आत शिरते. तो थांबला की खालच्या माणसांनी हातातलं काम टाकून वर यायचं असा नियम आहे.

त्या पंख्याचा आवाज मोठा नव्हता. आमच्या पिठाच्या गिरणीचा त्याहून मोठा. पण गिरणी थांबते. हा थांबत नव्हता. कानाला तो थोडाच कळायचा, जास्त कळायचा छातीला. पितळेच्या गुंडात, म्हणजे हंड्यात, पाणी भरून ठेवलं की त्यावर बारीक थरथर दिसायची. पोरं पहिले काही दिवस ते पाहायला गुंडाभोवती जमायची.

मी गावची आशा, म्हणजे सरकारी आरोग्य कार्यकर्ती. ताप, खोकला, बाळंतपण, सगळं पहिलं माझ्या दारात येतं. त्या उन्हाळ्यात वेगळीच दुखणी यायला लागली. एका म्हाताऱ्याला कानात भुंगा शिरल्यासारखं वाटायचं. एका गरोदर पोरीला बसल्या जागी गरगरायचं, आणि मळमळायचं ते सकाळीच नव्हे, दिवसभर. शाळेच्या गुरुजींनी निरोप पाठवला की पोरं बाकावर डोकं टेकवून झोपतात, काही औषध द्या. ज्याला विचारावं तो एकच गोष्ट सांगायचा, डोळ्याला डोळा लागत नाही. माझ्या रजिस्टरात यासाठी रकाना नव्हता. मी सगळ्यांना 'इतर' मध्ये टाकलं.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर भले माणूस. त्यांनी सगळ्यांची नाडी पाहिली, बीपी पाहिलं आणि मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "डोंगरावर पवनचक्क्या असतात ना, त्यांच्या खालच्या गावांतले लोकही हेच सांगतात म्हणे. झोप नाही, डोकं दुखतं, छातीत धडधड होते. कोणी म्हणतं आवाजाने होतं, कोणी म्हणतं काळजीने. तपासून हातात काही येत नाही. तुम्हाला होतो का त्रास?"

मी नाही म्हणाले, आणि तेही तोऱ्यात. मी अंथरुणाला पाठ लावली की मेले, अशी माझी झोप. गावात येऊन मी तेच पुरावा म्हणून सांगत फिरले. मी झोपते ना त्याच गावात, मग तुम्हाला काय धाड भरली? आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. ज्याचं पोट भरलंय त्याने उपाशी माणसाला भूक हा भ्रम आहे म्हणून सांगावं, तसं माझं चाललं होतं.

दिवाळीनंतर विहारासमोरच्या ओट्यावर सभा भरली. खाणीचे एक साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. भर दुपारी, ट्रॅक्टर ये-जा करत असताना त्यांनी ते हातात धरलं आणि आकडा नियमात बसतो असं सांगितलं. कानात भुंगा शिरलेला म्हातारा उठला. "नियमात बसते त बसू द्या साहेब. मंग आमी काऊन झोपत नाई?" साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तेव्हा माझी सासू उभी राहिली. सभेत ती कधी बोलत नसे. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "दिवसभर फिरवा तुमचा पंखा. आमी काई म्हणत नाई. रातीचा तेवढा बंद करा. माणसाले झोपाले त पायजे."

बायकांनी माना डोलावल्या. पुरुषांतून होकार आला. साहेबांनी मागे पाहिलं. मागे माझा नवरा बसला होता. त्या आठवड्यात त्याची रातपाळी होती.

"माय," तो बसल्या बसल्याच म्हणाला, "राती मी खाली रायतो. पंखा बंद केला त मी वर येणार नाई."

सासूने खोचलेला पदर सोडला. मग खाली बसली. सभा आणखी बरीच चालली, पण पंख्याबद्दल आमच्या ओट्यावरून एक शब्द निघाला नाही. गावातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी खाली उतरत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाची करायची?

त्या दिवसानंतर सासूने झोपेचं नाव काढलं नाही. मी विचारलं की म्हणायची, "लागते आता. सवय झाली." मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. पण घरात माणूस बदललं की भिंतींनाही कळतं. तिचा भात लागायला लागला. एकच गोष्ट ती दोनदा विचारायची. माझ्याशी बोलताना डोळ्यांत बघायच्या ऐवजी तोंडाकडे बघायची, आणि मला वाटायचं की बाईला माझ्या बोलण्यात नवी खोड सापडली. मीठ जास्त झालं तरी ती गप्प जेवायची. तिची कटकट गेली याचं मला सुखच वाटलं, हे मी कबूल करते.

फागुनात, मोह पडायला आठ-दहा दिवस राहिले असतील, दुपारी आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. घरामागच्या चिंचेवर वानरं होती. अचानक त्यातलं एक खोकलं. मग दुसरं. वाघ-बिबट्या दिसला की वानर खोकतं, आणि तो खोकला एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. गल्लीतली पोरं घरात पळाली, शेजारणीने शेळ्या आत ओढल्या, मी हातातलं सूप टाकून उभी राहिले. सासूने मान वर केली नाही. ती शेंग सोलत होती. वानर तिच्या डोक्यावर ओरडत होतं आणि ती दाणे एका बाजूला, फोलं एका बाजूला करत होती.

मी उठल्याचं तिला दिसलं तेव्हा ती दचकली. माझ्याकडे पाहिलं, चिंचेकडे पाहिलं, आणि तिला कळलं की मला कळलं.

वाघ नव्हता, बिबट्या होता आणि तो नाल्याने निघून गेला. आम्ही घरात आलो. तिने दार लोटलं.

"घुमते वो," ती म्हणाली. "इथी आली तरी घुमते, वावरात गेली तरी घुमते. दुसरं काई येतच नाई अंदर. कोणाले सांगू नोको."

"पण मोहाले..."

"मोहाले होईन ठीक. झोप झाली का कान येते. एक रात झोप भेटली पायजे." मग माझं मनगट धरून म्हणाली, "त्याले त बिलकुल सांगू नोको. तो खाली जाणं सोडन."

साऱ्या गावाला टाकून बोलणारी मी, त्या दिवशी गप्प बसले. मला तिची दया आली, हे खरं. तिच्याजवळ आमच्या घरात दुसरं काय होतं? शेत मुलाच्या नावावर, चूल माझ्या हातात. जंगलातली ती एक जागा तेवढी तिची होती, आणि त्या जागेवरून तिला उठवायला माझी जीभ वळली नाही. शिवाय मी आशा. दुखणं सांगितलं की उपाय करायचा, हे माझ्या अंगात भिनलेलं. तिला झोप हवी होती ना, मग झोप देऊ.

माझ्या पिशवीत सर्दीच्या गोळ्या उरल्या होत्या. त्या घेतल्या की सुस्ती येते, एवढं मला माहीत होतं. किती वयाला किती द्यायच्या, ते उतरायला किती वेळ लागतो, हे डॉक्टरांना विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर कोणासाठी ते सांगावं लागलं असतं. मी एक गोळी दिली. थोडा फरक पडला. मोह पडायला लागला, पहिले चार दिवस ती कानाला बसली आणि मी मुद्दाम तिच्या जवळ वेचत राहिले, माझेही कान उघडे ठेवून. काही झालं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "जराशी लागते आणि मंग उघडते." मी त्या दिवशी दोन दिल्या.

ती रात्रभर झोपली. सकाळी तिला हलवून उठवावं लागलं. तोंडावर पाणी मारून ती हसली आणि म्हणाली, "आज त लई दिवसानं झोपली मी." तिचं हसणं पाहून मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी तिच्या जवळ वेचायचं सोडलं. कान आता परत आला, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं.

उजाडत होतं. झाडाखालचा पाला आम्ही आधीच जाळून ठेवला होता, त्या काळ्या जमिनीवर फुलं पिवळी दिसत होती. त्या वर्षी बहर चांगला होता. माझी चुलत जाऊ नाल्याच्या बाजूच्या मोहाकडे गेली, तिथे फुलं जास्त पडतात म्हणून. सासू बुंध्याला टेकून बसली आहे एवढं सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्या वाकल्या. कानाला कोणी बसलं की बाकीच्यांचे कान आपोआप मिटतात. पद्धतच तशी आहे. म्हणून तर वेचून होतं.

वानर केव्हापासून खोकत होतं हे मला आजही सांगता येणार नाही. मला ते ऐकू आलं तेव्हा असं वाटलं की ते बराच वेळ चाललेलं आहे. मी आधी सासूकडे पाहिलं. तिचा हात वर नव्हता. हात मांडीवर होता, आणि मान छातीवर पडली होती. ती झोपली होती. लहान मूल झोपतं तशी, तोंड थोडं उघडं ठेवून.

मी ओरडले. जावेने वळून माझ्याकडे पाहिलं, नाल्याकडे नाही. वाघाने तिला खांद्याला धरलं.

बायकांनी टोपल्या बडवल्या, दगड मारले, घसा फुटेपर्यंत ओरडल्या. त्याने तिला सोडलं आणि तो नाल्यात उतरला. हे सगळं होईपर्यंत सासू जागी होऊन उभी राहिली होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय म्हणते आहे ते ओळखायला.

जाऊ जगली. चंद्रपूरला खूप दिवस दवाखान्यात होती. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायला तिला लेक लागते.

गावात विचारणा झाली तेव्हा सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "माझाच डोया लागला. मीच दोषी." माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. गोळीचं नाव तिने घेतलं नाही, माझंही नाही. बायका म्हणाल्या, म्हातारी झाली आता, बसायला नको होती. जाऊ मात्र तिला काही बोलली नाही. ती मलाच म्हणाली, "तू ओरडली म्हणून वाचली मी." मी तिचा चहाचा कप उचलून आत गेले आणि चुलीजवळ उभी राहून रडले. सांगायला मी कितीदा तिच्या दारापर्यंत गेले. प्रत्येक वेळी आशाची पिशवी खांद्याला होती, आणि मनात यायचं की हे कळलं तर उद्या या गावात माझ्या हातची गोळी कोण घेईल? हे कारण खरं आहे. पण ते कारण मला फार सोयीचं होतं, हेही खरं आहे.

त्या पावसाळ्यापासून माझी झोप गेली. पाठ लागली की मरणारी मी, आता पाठ लागली की ऐकायला लागायची. आधी तो आवाज भिंतीपलीकडे असायचा. मग उशीत आला. भात लावताना, विहारात वंदनेला डोळे मिटून बसल्यावर, बाळंतिणीच्या पोटाला हात लावल्यावर, तो आतून घुमत होता, आणि बाहेरचे बारीक आवाज त्यात बुडत चालले होते. डॉक्टरांनी कधी तरी विचारलं होतं ना, तुम्हाला होतो का त्रास? त्यांनी पुन्हा विचारावं म्हणून मी दोनदा त्यांच्या टेबलापाशी रेंगाळले. त्यांनी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायचं माझ्याने झालं नाही. माझ्या रजिस्टरात 'इतर' मध्ये माझं नाव मी लिहिलेलं नाही.

यंदा मोह पडायला लागला तेव्हा बायकांनी जथा पुन्हा बांधला. मोह सोडून राहायला कोणाला परवडतं? कानाला कोणी बसायचं यावर फार बोलणं झालंच नाही. म्हाताऱ्या सासूची सून, तिच्याजवळ राहून शिकलेली, आशा, आणि गावात सगळ्यात गाढ झोपणारी. ते शेवटचं आधी मीच सांगत फिरले होते. जाऊ म्हणाली, "हे बसन त मी येतो. दुसरं कोणी बसलं त नाई येत."

घरी येऊन मी सासूला सांगितलं. ती ओसरीवर बसली होती. तिने माझा चेहरा नीट पाहिला, तोंड नाही, डोळे.

"तुले येते का आयकू?" तिने विचारलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

नवरा आत झोपला होता, त्याला दुपारच्या पाळीला खाली जायचं होतं. गुंडातलं पाणी थरथरत होतं. मग ती म्हणाली, "सांगून दे त्याहिले. माझ्यावाणी नोको करू."

मी सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी वाटेने जाताना सांगू, असं ठरवलं. वाटेत जाऊ माझ्या पुढे चालत होती, टोपलं डाव्या हातात, लेकीने घट्ट घातलेली वेणी पाठीवर. सांगितलं तर ती विचारणार, केव्हापासून? आणि केव्हापासून म्हटलं की मागचं सगळं निघणार, चिंचेवरच्या वानरापासून दोन गोळ्यांपर्यंत. नाला आला. झाडं आली.

मी बुंध्याला पाठ लावली. ती जागा सासूच्या पाठीने गुळगुळीत झालेली आहे. बायका पांगल्या आणि वाकायला लागल्या. मी मान ताठ ठेवली, डोळे नाल्यावर ठेवले आणि ऐकायला लागले. मला फुलं पडताना दिसत होती. पडल्याचा आवाज येत नव्हता. आत नुसता पंखा फिरत होता.

नाल्याच्या बाजूच्या झाडाखालून जावेने वाकण्याआधी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं. तिचे शब्द मला ऐकू आले नाहीत, पण ओठांवरून कळलं.

"आयकू येते ना वो?"

"येते," मी म्हणाले, आणि ती वाकली.